संपादक आगरकर

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी आपल्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर एक टिपण लावले होते. वाचकांपैकी काहींना ते आठवत असेल, काहींना नसेलही, कारण तिसऱ्या दिवशी ते खाली उतरले. आमच्या भागात खेडा खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या काट्यावर क्विंटलमागे दोन किलो कापूस कमी भरतो, असे मी त्यात लिहिले होते. पुरावा म्हणून वजनाच्या एका पावतीचा मोबाइलवर आलेला फोटो छापून खाली चिकटवला होता. तो मला गावातल्या एकाने पाठवला होता आणि त्याला आणखी कोणीतरी. दोन दिवसांनी कळले की ती पावती त्या व्यापाऱ्याची नव्हतीच. दुसऱ्याच तालुक्यातली होती, आणि तिच्यावरचा आकडाही कोणीतरी बदललेला होता.

व्यापारी महाविद्यालयात आला नाही. तो आमच्या घरी गेला. माझे वडील त्याच्याकडेच कापूस घालतात आणि पेरणीच्या दिवसांत उसनवारीही त्याच्याकडेच करतात. वडिलांनी त्याच्यापुढे हात जोडले. मी तेव्हा पांढरकवड्यात होतो. हे मला आईने नंतर सांगितले. वडील त्याबद्दल काहीच बोलले नाहीत.

टिपण मी स्वतःच्या हाताने काढले. मराठीचे सर रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी ग्रंथालयातून आगरकरांचे एक जाडजूड चरित्र काढून माझ्या हाती ठेवले आणि डोंगरीच्या तुरुंगाचे प्रकरण आधी वाच, मग मागचे-पुढचे वाच, एवढेच सांगितले. मी त्याप्रमाणे केले. पुढे मिळेल ते वाचत गेलो. शाळेत असताना आगरकर म्हणजे मला दोन गुणांचा प्रश्न होता : थोर समाजसुधारक, ‘सुधारक’ पत्राचे संस्थापक. ते सारे खरेच आहे. पण वयाच्या चोविसाव्या वर्षापासून अडतिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत, मधले एक वर्ष सोडले तर, हा माणूस सतत कोणत्या ना कोणत्या पत्राचा संपादक होता, आणि त्यापायी त्याला काय काय सोसावे लागले, हे मला ठाऊक नव्हते. तेच येथे सांगायचे आहे.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. शिक्षण कऱ्हाडला आजोळी सुरू झाले आणि थोड्याच इयत्तांनंतर अडले. मग या मुलाने कचेरीत कारकुनी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले, शिकायला मिळेल या आशेने पायी रत्नागिरी गाठली आणि तेथे सोय लागेना म्हणून तो परतला. शेवटी नात्यातल्या माणसांच्या आधाराने तो आला तो आपल्या वऱ्हाडात, अकोल्याला. हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ बसलो होतो. आगरकर म्हटले की पुणे डोळ्यांपुढे येते, पण मॅट्रिक होईपर्यंत त्यांना आधार दिला तो अकोल्याने. तेथील हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे विद्वान शिक्षक त्यांना लाभले. पुढे महाजनींशी त्यांचा स्नेह जन्मभर राहिला. आणि वह्या-पुस्तकांचा खर्च भागविण्यासाठी हा शाळकरी मुलगा अकोल्याच्या ‘वऱ्हाड समाचार’ पत्रात लिहू लागला. म्हणजे आगरकरांच्या लेखणीला पहिली शाई वऱ्हाडातल्या वर्तमानपत्राने पुरविली. याचा अभिमान वाटून घ्यायला आपल्याला हरकत नाही.

१८७५ मध्ये मॅट्रिक होऊन ते पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले. तेथील त्यांच्या एका सदऱ्याची गोष्ट सर्वांना माहीत आहे. रात्री धुवायचा, वाळत घालायचा, सकाळी तोच घालून वर्गात जायचे. शाळेत ही गोष्ट आम्हांला चिकाटीचा धडा म्हणून सांगत. मला मात्र ती वाचताना एक निराळाच प्रश्न पडतो. पावसाळ्यात तो सदरा रात्रीतून वाळत असेल का? ज्याच्या घरी एकाच कपड्यावर दिवस काढलेले असतात त्याला हा प्रश्न पडतो. आगरकरांना दम्याचा विकार होता. ओल्या सदऱ्याने तो किती वाढविला असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

एम.ए.चा अभ्यास करीत असताना डेक्कन कॉलेजात त्यांची गाठ बळवंतराव टिळकांशी पडली. टिळक कायद्याचा अभ्यास करीत होते. दोघे एकाच वर्षी, एकाच महिन्यात जन्मलेले. रात्र-रात्र बोलून दोघांनी ठरविले की सरकारी नोकरी करायची नाही, देशातल्या मुलांना शिकवायचे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम.ए.ची परीक्षा आटोपून आगरकरही त्यात सामील झाले. तेव्हा एम.ए. झालेल्या माणसाला सरकारात मोठ्या पगाराची जागा मिळे. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळविले की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा तिने ठेवू नये, पोटापुरते मिळवून तो बाकीचा वेळ लोकांसाठी घालविणार आहे. हे पत्र पाठ्यपुस्तकांतून फार गौरविले गेले आहे. पण ते वाचून त्या माउलीला काय वाटले असेल, हे कोणत्याच पुस्तकात मला सापडले नाही. माझ्या आईला मी ते वाचून दाखविले नाही.

शाळेपाठोपाठ पत्रे आली. २ जानेवारी १८८१ रोजी इंग्रजी ‘मराठा’ आणि ४ जानेवारीला मराठी ‘केसरी’. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर आणि ‘मराठा’चे टिळक. पुष्कळांना ‘केसरी’ म्हणजे आरंभापासून टिळकच असे वाटते. मलाही तसेच वाटत होते. पहिली जवळजवळ सात वर्षे ते काम आगरकरांचे होते.

हा काळ कसा होता ते पाहिले पाहिजे. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील पत्रांसाठी खास कायदा केला होता. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. देशी पत्रात सरकारविरुद्ध काही आले तर जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने छापखान्याकडून जामीन मागावा, जामीन जप्त करावा, वेळ पडल्यास छापखानाच जप्त करावा, आणि त्यावर कोर्टात दादही नसावी, असा तो कायदा होता. म्हणजे एकच बातमी इंग्रजीत छापली तर चालेल, मराठीत छापली तर छापखाना जाईल. ‘केसरी’ निघाला तेव्हा हा कायदा जिवंत होता. पुढे लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत, १८८२ साली, तो रद्द झाला. देशी पत्रकारांना हायसे वाटले असेल. आणि त्याच वर्षी ‘केसरी’चे संपादक तुरुंगात गेले. त्यासाठी खास कायद्याची गरज लागली नाही, साधा बदनामीचा कायदा पुरला.

ही कोल्हापूरची हकिगत थोडी विस्ताराने सांगतो. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. १८७१ मध्ये ते दत्तक आले. १८८२ मध्ये त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे आज माझे आहे तेवढे. महाराजांना वेड लागले आहे असे सरकारी माणसे म्हणत. वेड नाही, त्यांना छळून वेडे ठरविले जात आहे, अशी लोकांत कुजबूज होती. राज्याचा सारा कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती, आणि त्यांच्या पाठीशी इंग्रज अधिकारी. छत्रपतींच्या गादीवरच्या मुलाचे असे हाल होताहेत या कल्पनेने साऱ्या महाराष्ट्राचे मन पेटले होते. अशा वेळी काही पत्रे पुण्यास येऊन पोहोचली. ती बर्व्यांच्या हातची आहेत, त्यांतून त्यांचा महाराजांविरुद्धचा कट उघड होतो, असे आणणाऱ्यांनी सांगितले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन्ही पत्रांनी त्यांच्या आधारे बर्व्यांवर सडकून टीका केली.

बर्व्यांनी फिर्याद केली. खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला. तो चालू असतानाच, १८८२ च्या मार्चमध्ये, चिपळूणकर वारले, त्यामुळे या तरुणांच्या डोक्यावरचे छत्रही गेले. आणि मग कळले की ती पत्रे बनावट आहेत.

वाचताना मी येथे थांबलो. सरांनी मला हे प्रकरण आधी का वाचायला सांगितले ते तेव्हा समजले.

टिळक-आगरकरांनी चूक कबूल केली. आपण खोट्या पत्रांवर विश्वास ठेवला, असे सांगून दिलगिरी व्यक्त केली. बर्व्यांनी खटला काढून घेतला नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. तीनच दिवसांपूर्वी आगरकरांना सव्विसावे वर्ष पुरे झाले होते. टिळकांचे सव्विसावे पुढच्या आठवड्यात डोंगरीच्या तुरुंगात पुरे झाले.

यांत चूक कोणाची, यावर मी बराच विचार केला. त्यांनी पत्रे नीट तपासली नाहीत ही चूकच होती. दोघांचा हेतू निर्मळ होता, पण हेतू निर्मळ असला म्हणून खोट्या कागदाचा खरा कागद होत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर संस्थानाच्या बंद दरवाजाआड काय चालले आहे हे तपासायला दोन तरुण संपादक जाणार कोठे होते? कारभारी उत्तर देणार नाही, इंग्रज अधिकारी उत्तर देणार नाही. जो दरवाजा बंद ठेवतो त्यालाच बाहेरच्या अफवेचा राग येतो. आणि महाराजांचे पुढे काय झाले? पुढच्याच वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, अहमदनगरला त्यांच्या देखरेखीसाठी ठेवलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांचे होते. पत्रे खोटी होती, पण त्या मुलाच्या जिवाची लोकांना वाटणारी काळजी खोटी ठरली नाही. कोर्टापुढे मात्र पत्रे तेवढी होती.

बदनामीबद्दल तुरुंगवास ही तरतूद इंग्रजांबरोबर गेली असेल असे मला वाटले होते. ती गेलेली नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती घटनेशी सुसंगत ठरविली, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेतही ती ३५६ व्या कलमात आहे.

आगरकर-टिळकांच्या खटल्यातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. खटला चालू असताना या दोघांच्या जामिनासाठी दहा हजार रुपये उभे करण्याचा प्रश्न आला तेव्हा महात्मा जोतीराव फुल्यांनी पुढाकार घेतला आणि त्यांच्या शब्दाखातर रामशेठ उरवणे यांनी जामिनाची व्यवस्था केली. चिपळूणकरांनी आपल्या ‘निबंधमाले’त जोतीरावांवर किती विखारी टीका केली होती हे मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. त्याच चिपळूणकरांच्या शाळेतले हे दोघे तरुण. तरी जोतीराव मदतीला धावले, आणि सुटका झाल्यावर सत्यशोधक मंडळींनी दोघांचा सत्कारही केला. आपल्या मताच्या संपादकासाठी जामीन कोणीही राहील. विरुद्ध गोटातल्यासाठी उभे राहायला फार मोठे मन लागते.

डोंगरीच्या तुरुंगातले दिवस आगरकरांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. त्यांना काही दिवसांची सूट मिळाली आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे बाहेर आले. म्हणून पुस्तकाचे नाव ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’. पुस्तक छोटेखानी आहे. रडगाणे गाणारे असेल असे मला वाटले होते, पण त्यात विनोदही आहे. कोठडी किती लहान, अन्न कसे, ढेकूण-डासांनी रात्री कशा काढल्या, हे ते असे सांगतात की जणू प्रवासात गैरसोयीच्या धर्मशाळेत मुक्काम पडला होता. दोघांना जवळ राहता आले, त्यामुळे बोलायला वेळ भरपूर मिळाला. रात्री त्यांच्या चर्चा इतक्या रंगत की आवाज चढे आणि पहारेकऱ्याला येऊन गप्प करावे लागे. पुढे ज्या वादांपायी हे दोन मित्र एकमेकांपासून दूर गेले, ते वाद बहुधा त्याच कोठडीत सुरू झाले असावेत. वर्तमानपत्रे वाचायची मोकळीक नसलेल्या त्या जागेत आगरकरांनी शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. तेच पुढे ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. एका राजपुत्राला लोक वेडा म्हणतात, तो वेडा आहे की नाही हे कोणालाच नीट कळत नाही, आणि राजवाड्यात काहीतरी सडले आहे, असे ते नाटक. कोल्हापूरच्या महाराजांपायी तुरुंगात बसलेल्या माणसाने नेमके हेच नाटक का घेतले, याबद्दल मी माझ्यापुरता तर्क केला आहे. प्राध्यापकांनी तो तपासावा.

तुरुंगातून आले तेव्हा लोकांनी दोघांना डोक्यावर घेतले. हाराफुलांना तोटा नव्हता. संपादकाला सरकारने किंवा दिवाणाने तुरुंगात टाकले की लोक त्याचा जयजयकार करतात, त्यामुळे त्याचा धीर टिकतो. आगरकरांची खरी परीक्षा पुढे होती. त्यांना लोकांविरुद्धच लिहायचे होते.

बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांचे शिक्षण, जातिभेद, यांवर आगरकरांची मते स्पष्ट होती. मिल, स्पेन्सर यांच्या ग्रंथांचे संस्कार त्यांवर होते हे खरे, पण ती मते केवळ ग्रंथातून आलेली नव्हती. ज्याने दारोदार फिरून शिक्षण मिळविले त्याला कोण कोणाला दारात उभे करतो हे ठाऊक असते. ‘केसरी’ त्यांच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता. आधी राजकीय हक्क की आधी सामाजिक सुधारणा, हा मंडळींतला मतभेद वाढत गेला. संपादक एक लिहितो आणि बाकीच्यांना ते नको असते, अशी स्थिती झाली. वर्गणीदार बिथरतील ही भीतीही होतीच. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पत्र टिळकांकडे गेले. कोणी त्यांना तुरुंगात घातले नाही की छापखाना जप्त केला नाही. जागा तेवढी गेली.

एका वर्षाने, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांनी स्वतःचे ‘सुधारक’ पत्र काढले. मराठी भाग आगरकर लिहीत, इंग्रजी भागासाठी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हात दिला. गोखले तेव्हा बाविशीतले होते. पत्राचे नावच असे की ते हाती धरून रस्त्याने जाणाऱ्याकडे लोक वळून पाहत. शाळा-कॉलेजातल्या तुटपुंज्या पगारात संसार करायचा, त्यातच पत्राचा तोटा सोसायचा, रात्री दमा छातीवर बसायचा, आणि तशात अग्रलेख पुरा करायचा, असे पुढचे सात वर्षांचे आयुष्य. त्यांच्या अग्रलेखांची भाषा आज वाचतानाही चटका देते. कधी कधी ती गरजेपेक्षा जास्त झोंबते असे माझे मत आहे. ज्या आजीला आपण समजावून सांगू शकलो असतो तिला चिडवून टाकावे, असे काही ठिकाणी होते. पण हे मी ग्रंथालयात निवांत बसून म्हणतो. आगरकरांना तेवढी उसंत नव्हती.

कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी लग्नानंतर पतीकडून झालेल्या अत्याचारात मेली. त्यानंतर संमतिवयाच्या कायद्याची चर्चा पेटली. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करावे एवढीच मूळ मागणी. आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. टिळक परक्या सरकारने आपल्या धर्मात हात घालू नये या मताचे. १८९१ मध्ये कायदा झाला. त्या वर्षांत पुण्यात आगरकरांना शिव्याशाप, धमक्या आणि निनावी पत्रे यांचा रतीब होता. लोकांची मजल येथवर गेली की त्यांनी आगरकरांची तिरडी बांधून जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. घरात पत्नी यशोदाबाई आणि मुले होती. दाराशी आपल्या नवऱ्याच्या नावाने बोंब ठोकणारी मिरवणूक पाहून त्या बाईंवर काय प्रसंग ओढवला असेल! आगरकरांना सोसायची सवय होती. घरच्या माणसांनी मात्र अग्रलेख लिहिलेले नसतात आणि तरी तिरडी त्यांच्याच दारावरून जाते. व्यापाऱ्यापुढे हात जोडणारे माझे वडील मला येथे आठवले. ही तुलना मोठ्या माणसाशी केल्याचे वाटेल, पण मी ती आगरकरांशी करीत नाही, यशोदाबाईंशी करतो आहे.

आज तिरडी खोटी असते असे नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत कोकणात राजापूरला शशिकांत वारिशे या पत्रकाराच्या दुचाकीला चारचाकीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. ज्या माणसाबद्दल त्याने लिहिलेली बातमी त्याच सकाळी छापून आली होती, त्याच माणसाला पोलिसांनी या प्रकरणी अटक केली. मुंबईत पवईला जून २०११ मध्ये ज्योतिर्मय डे यांना भर दिवसा गोळ्या घातल्या गेल्या. आपल्या राज्याने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ साली वेगळा कायदा केला. वारिशे त्यानंतर सहा वर्षांनी गेले. जगातही हेच आहे. आफ्रिकेत नामिबियाच्या विंडहोक शहरी १९९१ मध्ये पत्रकारांनी एकत्र येऊन स्वतंत्र वृत्तपत्रांचा जाहीरनामा काढला. त्याची आठवण म्हणून ३ मे हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी १९९३ पासून वृत्तपत्र स्वातंत्र्याचा दिवस म्हणून नेमला आहे. २ नोव्हेंबर हा आणखी एक दिवस आहे. पत्रकारांना मारणारे शिक्षेवाचून सुटतात, ते थांबावे म्हणून तो नेमलेला आहे. २०१३ साली त्याच तारखेला माली देशात दोन फ्रेंच पत्रकार मारले गेले होते. कॅलेंडरवर अशा कामासाठी दोन-दोन तारखा राखून ठेवाव्या लागतात, हे मला या लेखाच्या निमित्तानेच कळले.

१८९२ मध्ये वामन शिवराम आपटे वारले आणि आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. तरी ‘सुधारक’ सोडला नाही. टिळकांशी अबोला होता, पत्रांतून एकमेकांवर कठोर लिहिणे झाले होते. शेवटच्या आजारात मात्र टिळक त्यांना भेटून गेले. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. अजून एकोणचाळिसावे पुरे व्हायला महिना होता.

त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली असे सांगतात. तीत थोडे रुपये होते आणि ते आपल्या प्रेताच्या दहनासाठी ठेवले आहेत असा मजकूर होता. ज्याची तिरडी लोकांनी फुकट काढली होती, त्याने खऱ्या तिरडीचा खर्च स्वतः बांधून ठेवला होता, कोणाच्या उपकारात जायला नको म्हणून. ‘केसरी’त मृत्युलेख टिळकांनी लिहिला. तो लिहिताना त्यांना अश्रू आवरेनात, असे त्या वेळी जवळ असलेल्यांनी सांगितले आहे. दोन वर्षांनी टिळकांवरच राजद्रोहाचा खटला झाला आणि ते पुन्हा तुरुंगात गेले. त्या वेळी तुरुंगात रात्रभर वाद घालायला शेजारी आगरकर नव्हते.

उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेलो तेव्हा एका रात्री अंगणात वडिलांना ही सारी हकिगत मी सांगितली. वडील चौथीपर्यंत शिकले आहेत. सदऱ्याच्या गोष्टीला ते नुसते हसले. बनावट पत्रांचा भाग मी जरा भरभर सांगितला, तरी तो त्यांच्या ध्यानात आला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिले. पुरचुंडीपर्यंत आलो तेव्हा चंद्र बराच वर आला होता. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले ते आगरकरांबद्दल नव्हते. कोल्हापूरच्या त्या पोराचे पुढे कोणी काही छापले का, असे त्यांनी विचारले. मला नीट उत्तर देता आले नाही. मग ते उठून बैलांना कडबा टाकायला गेले, आणि जाता जाता, यंदा कापूस निघाला की घरी मोजून मग काट्यावर नेऊ, तू सुटीला आलास तर बरे, असे म्हणाले.